लमसेना बसलेली मुलगी

आमच्या मुलीने मठात जाण्याचे ठरवले तेव्हा मी तिला एकच प्रश्न विचारला. तू देवाकडे जात आहेस की लग्नापासून पळत आहेस? ती म्हणाली, "देवाकडे." मी म्हणालो, "ठीक आहे." या विषयावर माझ्यात आणि तिच्यात त्याहून अधिक बोलणे झाले नाही. माझ्या घरात कोणत्याच विषयावर फार बोलणे होत नाही.

जे बोलायचे ते बायको बोलते. ती तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता मुलीला म्हणाली, "मठाले काऊन जातं गं? तुह्या बापासंगं राहनं म्हंजे मठच होय. पहाटे उठनं, बोलनं बंद, आन् सांगितलं ते करनं."

मुलगी हसली. मी हसलो नाही, पण बायको खोटे बोलत नव्हती.

आमचे गाव कुरखेड्याच्या जंगलपट्ट्यात आहे. गाव गोंडांचे, काही घरे कुणब्यांची, आणि ख्रिस्ती घर एकच, आमचे. माझी सगळी नोकरी भद्रावतीच्या कारखान्यात लेथ मशीनवर झाली. सुट्टीत गावी येत असू; निवृत्त झालो आणि वडिलांच्या धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे खाचरांकडे, कायमचे परत आलो. मुलगी आम्हाला उशिरा झालेली, एकुलती. रविवारी तिघेही तालुक्याच्या चर्चमध्ये जात असू. तिथे ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत, त्यामुळे प्रत्येकाला प्रत्येकाचे सगळे ठाऊक असते.

आमच्या धर्मात पाचारण असा एक शब्द आहे. देव माणसाला हाक मारतो, माणूस होय म्हणतो. कोणाला लग्नासाठी हाक येते, कोणाला मठासाठी. प्रवचनात दोन्ही हाका सारख्याच मोलाच्या सांगितल्या जातात. प्रवचन संपले की लोक मठातल्या सिस्टरांना खुर्ची देतात आणि माझ्या बायकोला चहा करायला पाठवतात. मी हे अनेक वर्षे पाहत आलो आहे. माझे मत प्रवचनाच्या बाजूचे आहे. लग्न ही हाक न आलेल्यांची सोय नव्हे आणि मठ हा लग्न न जमलेल्यांचा आसरा नव्हे. म्हणूनच तो प्रश्न मी मुलीला विचारला होता. तिच्या उत्तरावर मी विश्वास ठेवला.

चर्चमध्ये एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत. मिस्साच्या, म्हणजे रविवारच्या उपासनेच्या, वेळी वाचन तेच करतात, वर्गणी तेच गोळा करतात, आणि कोण किती उशिरा आले हेही त्यांच्याच लक्षात राहते. मुलगी जाण्याआधीच्या रविवारी त्यांनी तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि सर्वांसमोर म्हणाले, "आपल्या चर्चमधून पहिली सिस्टर होऊन राह्यली. आपलं नाव झालं." मुलीने हार काढून बायकोच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती गेली. मठ चिमूरच्या पुढे होता. सिस्टरांचा तिथे एक लहान दवाखाना होता.

काही दिवसांनी शेजारी आला. तो गोंड आहे, माझ्याच वयाचा, आणि त्याची बांधी माझ्या बांधीला लागून आहे. पाण्यावरून आम्ही दरवर्षी भांडतो आणि दरवर्षी एकमेकांची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करून देतो. तो ओसरीत बसला आणि बायकोला म्हणाला, "बाई, पोट्टी दिसून नाई राह्यली. कुठी गेली?"

"सिस्टरांच्या घरी."

"काऊन?"

बायकोला मठ समजावून सांगायचा होता. तिने तो तिच्या पद्धतीने सांगितला. "आता तिथीच राह्यते. त्याइच्या घरचं काम करते. ते तिले पाह्यतात, पोट्टी त्याइले पाह्यते. दोन-तीन सालानं जमलं तं पक्कं होते. मंग वापस येत नाई."

"म्हंजे लमसेना बसली," शेजारी म्हणाला.

गोंडांमध्ये ही रीत आहे. लग्न ठरवायचे असेल तर मुलगा मुलीच्या बापाच्या घरी जाऊन राहतो, शेतात राबतो, आणि काही वर्षांनी दोन्हीकडची मने जुळली की लग्न लागते. त्या मुलाला लमसेना म्हणतात. मुलगी लमसेना बसल्याचे शेजाऱ्याने कधी ऐकले नव्हते, पण ख्रिस्ती लोकांत सगळेच उलटे असते असे त्याचे जुने मत आहे.

"नवरदेव कोन हाये?" त्याने विचारले.

बायकोने भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीकडे हात केला. शेजाऱ्याने तसबीर नीट पाहिली. ती तो आमच्या घरी जन्मभर पाहत आला होता.

"घर तं चांगलं हाये," तो म्हणाला. "आन् मन नाई लागलं तं?"

"तं येते वापस."

"मंग हरकत नाई."

मी मध्ये पडलो नाही. चूक होती, पण ती दुरुस्त करण्यासाठी काय सांगावे हे मला सुचेना. मग तीच चूक गावभर झाली. आमची मुलगी सिस्टरांच्या घरी लमसेना बसली आहे असे सगळे गाव समजून चालू लागले आणि कोणी काही विचारायचे राहिले नाही.

वर्ष उलटले. मठाने पालकांना भेटीला बोलावले. बायकोचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटाच निघालो. एसटीच्या थांब्यावर शेजारी उभा होता. अंगात धुतलेला सदरा, काखेत कोंबडा.

"तू कुठी?" मी विचारले.

"तुह्यासंगं. पोट्टी माह्या अंगाखांद्यावर खेळली."

"आन् हे?"

"सोयऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जात नाई."

कोंबड्याने वडसा येईपर्यंत कंडक्टरला त्रास दिला. त्यानंतर तो झोपला.

मठाच्या प्रमुख, ज्यांना तिथे सगळे मदर म्हणतात, केरळच्या होत्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या आणि पुस्तकासारखीच बोलत. शेजाऱ्याने कोंबडा पुढे केला.

"हे काय आहे?" मदरनी विचारले.

"कोंबडा."

"ते मला दिसते. कशासाठी आहे?"

"आपन सोयरे झालो. पोरगी तुमच्या घरी बसली ना."

मदरनी माझ्याकडे पाहिले. मला तेव्हा सगळे सांगावेच लागले. लमसेना म्हणजे काय, बायकोने काय सांगितले, गाव काय समजले, सगळे. मदरनी शांतपणे ऐकून घेतले. मग उठून त्यांनी स्वतः कोंबड्याच्या पायाची दोरी हातात घेतली आणि शेजाऱ्याला म्हणाल्या, "तर मग विचारा. सोयऱ्यांनी काय विचारायचे असते?"

"कामाले कशी हाये?"

"कामाला चांगली आहे. दवाखान्यात रुग्णांना तिचा आधार वाटतो."

"आन् सभावानं?"

"आज्ञाधारक आहे. जे सांगू ते करते. आजवर तिने एकदाही 'का' असे विचारलेले नाही."

शेजारी खूश झाला. परतीच्या एसटीत तो मला म्हणाला, "पक्कं समज, भाऊ. असा लमसेना भेटत नाई कोनाले."

मी खूश नव्हतो. कारखान्यात माझ्या हाताखाली पुष्कळ उमेदवार तयार झाले. सांगितले ते निमूट करणारा आणि कधीच काही न विचारणारा जो असे, त्याचे काम मी दोनदा तपासत असे. अशा मुलाचे हात शिकलेले असतात, पण काम अजून त्याचे झालेले नसते. मठात मुलगी आम्हाला भेटायला बाहेर आली होती तेव्हा तिच्या डोक्यावर पांढरे वस्त्र होते. ती आईच्या गुडघ्याबद्दल बोलली, मिरचीच्या रोपांबद्दल बोलली. चेहरा स्वच्छ होता. दुःख नव्हते. मी तिला काही विचारले नाही. विचारणे मदरचे काम होते, आणि त्या ते करतील असे मला दिसत होते.

त्यांनी ते केले. प्रथम व्रते घेण्याची वेळ जवळ आली तेव्हा एका सकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, मी घरी येऊन राह्यली."

"भेटीला?"

"नाई. कायमची."

"ये," मी म्हणालो.

कुरखेड्याच्या थांब्यावर मी तिला आणायला गेलो. सकाळी थोडा पाऊस झाला होता. तिची पिशवी मी घेतली. गावापर्यंत चालत यावे लागते. अर्ध्या वाटेत ती स्वतः बोलली.

"मदरनं विचारलं, व्रत घेतानी तू कोनाले होय म्हननार? मी म्हनलं, तुमाले. त्या म्हनल्या, मले नाई बाई, देवाले म्हनावं लागते. मंग मी लय दिवस इचार केला. बाबा, तिथी मले काईच जड गेलं नाई. घरी तुमचं ऐकत होती, तिथी मदरचं ऐकत होती. देवानं हाक मारली का नाई, मले आईकूच आलं नाई. खोटं होय कसं म्हनू?"

"त्या रागावल्या का?"

"नाई. म्हनल्या, तू पळून आली नव्हती, आन् आता पळून जाऊन नाई राह्यली. नीट जा."

मी म्हणालो, "बरोबर केलेस." तिने माझ्याकडे पाहिले. हे दोन शब्द माझ्या तोंडून तिने फार वेळा ऐकलेले नाहीत.

शेजाऱ्याने तिला दारात पाहिले आणि म्हणाला, "नाई जमलं का?"

"नाई जमलं, काका."

"होते तसं. धानाचे परे टाकले हायेत, उद्या ये मदतीले." एवढे बोलून तो गेला. गोंडांत लमसेना परत आला तर कोणी त्याला नाव ठेवत नाही. गावात हा विषय त्या दिवशीच संपला.

चर्चमध्ये तो सुरू झाला. पहिल्या रविवारी बायको म्हणाली, "आज मागं बसू का? लोक पाह्यतात."

"पुढेच बसायचे. नेहमीच्या जागी."

आम्ही पुढे बसलो. मागून कुजबुज ऐकू आली. देवाला सोडून आली, असे एक बाई म्हणाली. मुलीने ऐकले. तिने स्तोत्राचे पान उलटले आणि गायला लागली. तिचा आवाज चांगला आहे.

त्या पावसाळ्यात मुलगी कुरखेड्याच्या एका खाजगी दवाखान्यात काम करू लागली. दिवाळीनंतर ते ज्येष्ठ गृहस्थ आमच्या घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "पाह्यना भाऊ, एक स्थळ हाये. बाईको वारली त्याची, दोन लेकरं हायेत. वय थोडं जास्त हाये, पन आता तुमच्या पोरीले इतपतच भेटनार. मठातून आलेली."

मी विचारले, "तो माणूस कसा आहे?"

"मानूस ठीक हाये."

"त्याला माझी मुलगी हवी आहे, की लेकरांना सांभाळायला कोणीही?"

"आता ते..."

"विधुराला मी नावे ठेवत नाही. पण माझ्या घरात लग्न हे उरलेसुरले वाढायची पंगत नाही. तुम्ही तिला मठात जाताना हार घातला. मठ मोठा आणि लग्न छोटे असे तुम्हाला वाटते, म्हणून आता तिला छोट्यातले छोटे चालेल असेही वाटते. मला तसे वाटत नाही."

ते उठले. त्यांच्या पेल्यातला चहा तसाच राहिला होता. बायको त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "इतकं कडक बोलाची गरज होती का?"

"होती."

"होती," तीही म्हणाली, आणि पेला घेऊन आत गेली.

आमच्या लग्नाबद्दल इथे थोडे सांगणे भाग आहे. आम्हा दोघांच्या वडिलांनी ते ठरवले. आम्ही एकमेकांना एकदाच पाहिले होते. चर्चमध्ये फादरनी विचारले, तुम्ही दोघे स्वखुशीने आला आहात का. मी मोठ्याने होय म्हणालो. बायकोचे होय इतके बारीक आले की फादरनी तिला पुन्हा विचारले. ती आजही सांगते, की पहिले होय बापासाठी होते, दुसरे माझ्यासाठी. कारखान्याच्या पाळ्या, दुखणी, उशिरा आलेले मूल, माझा स्वभाव, हे सगळे त्या दुसऱ्या होयवर चालले. लग्नही मठासारखेच रोज पहाटे उठून पुन्हा स्वीकारावे लागते. मला हे कोणी शिकवले नाही. मी ते तिच्यात पाहिले.

पुढच्या उन्हाळ्यात दुसरे स्थळ आले. मुलगा ख्रिस्तीच, आश्रमशाळेत शिक्षक होता. दवाखान्यात एका विद्यार्थ्याला घेऊन आला असताना त्याने आमच्या मुलीला पाहिले होते. तो मामाला घेऊन आला. मामा खुर्चीत बसले, मुलगा बाजेवर. मुलीने चहा आणला आणि आत गेली नाही. तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली.

मामांनी विचारले, "मठात गेली होती म्हने?"

मुलीने उत्तर दिले. "गेली होती. दोन वर्सं राह्यली. देवाची हाक हाये का नाई ते पाहाले. नव्हती, म्हून आली."

"बरं झालं," मामा म्हणाले. "आता लग्न करून टाकू."

"लगेच नाई," मुलगी म्हणाली. बायकोने तिच्याकडे डोळे मोठे केले, तिने ते पाहिले नाही. "मठातल्या लोकाइनं मले दोन वर्सं पाह्यलं, मी त्याइले पाह्यलं. लग्नासाठी कोनीच काऊन पाह्यत नाई? यंदाचा धानाचा हंगाम तुमी आमच्या घरी काम करा. रोवनीपासून कापनीपरेंत. मंग तुमी होय-नाई सांगा, मंग मी सांगते."

मामांना हसू आले. "म्हंजे आमचा पोरगा लमसेना बसवता? आमी गोंड नाई, बाई."

शेजारी कुंपणाजवळ लाकडे फोडत होता. तिथूनच म्हणाला, "त्याले काय झालं मामा? गोंड भी देवानंच केले."

मुलगा तोपर्यंत एक शब्दही बोलला नव्हता. आता त्याने माझ्याकडे न पाहता मुलीकडे पाहिले. "शाळा असते. शनवारी दुपारून येता येईल. रविवारी?"

"रविवारी काम नाही," मी म्हणालो. "रविवारी चर्च."

"मंग शनवार दुपार, आन् दिवाळीच्या सुट्टीत कापनी."

"झोपाचं कुठी?" बायको म्हणाली. "आमच्या घरी नाई झोपता येत. लोक काय म्हनतीन?"

"माह्या ओसरीत," शेजारी म्हणाला. त्याची लाकडे फोडून झाली होती.

मामा नाराज होऊन गेले. मुलगा मात्र रोवणीच्या पहिल्या शनिवारी आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. रोवणी त्याला येत नव्हती. तो परे, म्हणजे धानाची रोपे, इतके वर वर खोचत असे की ते पाण्यावर तरंगू लागत. शेजारी बांधावरून ओरडला, "मास्तर, रोवून राह्यले का इसर्जन करून राह्यले?" बायका हसल्या. मुलगाही हसला आणि तरंगणारे परे गोळा करून पुन्हा खोचू लागला. संध्याकाळपर्यंत त्याची ओळ वाकडी होती, पण उभी होती.

मी त्याला पाहत होतो. तो कामचुकार नव्हता. रविवारी चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसे आणि बसने परत जाई. मुलगी त्याच्याशी फारशी बोलत नसे. मला त्याच्यापेक्षा तिची काळजी होती. ती माझ्या म्हणण्यावरून होय म्हणेल, आईचे तोंड पाहून म्हणेल, किंवा एक माणूस इतका राबला त्याला नाही कसे म्हणावे म्हणून म्हणेल. तसे झाले तर तिची मठातली दोन वर्षे वाया गेली असती. मी कोणतेच मत दिले नाही. बायकोलाही सांगितले, तू देऊ नको. तिने देऊन पाहिले. मुलीने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

एका शनिवारी जोराचा पाऊस झाला आणि वरच्या बांधीचा बांध फुटला. पाणी धबाधबा खाली येत होते. मी फावडे घेऊन धावलो. मुलगा आणि मुलगी आधीच तिथे होते. तो म्हणत होता की फुटलेल्या जागी माती टाकावी. ती म्हणत होती की माती वाहून जाईल, आधी वरच्या अंगाचे पाणी दुसरीकडे काढावे.

"तेवढा वेळ नाई," तो म्हणाला.

"तुमी मातीच वाहून टाकून राह्यले. डोळे हायेत का?"

"मले समजते."

"नाई समजत. मास्तरकी शाळेत करा."

"आन् तू दवाखान्यात कर. हात लाव आदी."

"मी नाई लावत. हे चुकून राह्यलं."

ती खरोखरच हात न लावता उभी राहिली. पाणी दोघांच्या गुडघ्यांपर्यंत होते. मी बांधावर थांबलो. फावडे माझ्या हातात होते आणि मी ते खाली ठेवले. माझी मुलगी कोणाशी भांडत आहे हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. माझ्याशी ती कधी भांडली नाही. मदरशी नाही. मुलाने आणखी दोन पाट्या माती टाकली, ती वाहून गेली. मग त्याने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "कुठून काढू पानी? दाखव."

तिने दाखवले. दोघांनी मिळून चर काढला, बांध बुजवला.  बायको छत्री घेऊन मागून आली होती. तिने सगळे पाहिले होते.

"झालं," ती हळूच म्हणाली. "आता पक्कं."

 मलाही तेच वाटले होते.

कापणी झाली, मळणी झाली. ओसरीत मुलगा म्हणाला, "माह्यं होय हाये." मी मुलीला विचारले, "तुझे?" आम्ही सगळे तिच्याकडे पाहत होतो. ती आमच्यापैकी कोणाकडेही पाहत नव्हती. थोडा वेळ तिने घेतला. तो आम्ही तिला दिला.

"होय," ती म्हणाली. फादरना पुन्हा विचारावे लागले नसते इतके स्पष्ट.

लग्नाआधी आमच्या चर्चमध्ये तीन रविवार वधूवरांची नावे पुकारतात. कोणाला या लग्नास काही अडचण माहीत असेल तर त्याने सांगावे, असे फादर म्हणतात. बहुतेक वेळा कोणी काही बोलत नाही. पहिला रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी नावे वाचून झाली आणि ते ज्येष्ठ गृहस्थ उभे राहिले.

"अडचन हाये, फादर," ते म्हणाले. "ही पोरगी मठात होती. डोक्यावर वस्त्र घेतलं होतं. देवासंगं लग्न झालं म्हंजे झालं. दुसऱ्यांदा कसं होईन?"

 फादर तरुण होते. त्यांना नियम माहीत होता. उमेदवारीच्या काळात व्रत नसते, वस्त्र असले तरी बंधन नसते. मदरशी त्यांचे फोनवर बोलणेही झाले होते. तरी ते पुढ्यातल्या कागदाकडे पाहत राहिले. मी उठू लागलो. बायकोने माझ्या सदऱ्याची बाही घट्ट धरली.

"तुमी नाई," ती म्हणाली.

मी बसलो. मुलगी उभी राहिली होती. तिने वळून त्या गृहस्थांकडे पाहिले. आवाज चढवला नाही, पण शेवटच्या बाकापर्यंत तो ऐकू गेला.

"काका, मी व्रत घेतलं नव्हतं. घेतलं असतं तं मोडलं नसतं. घेन्याच्या आदी मले समजलं का माह्यं होय खरं नाई, म्हून मी घेतलं नाई. हे आता खरं हाये. म्हून घेऊन राह्यली."

ते गृहस्थ उभेच होते. 

फादर म्हणाले, "अडचण नाही." मग त्यांनी कागद उलटला आणि पुढची सूचना वाचली. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग त्या आठवड्यापुरता शनिवारी होणार होता.

मिस्सा संपल्यावर लोक बाहेर आले.  ते गृहस्थ पायरीवर बसून चपला घालत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"लग्नाला यायचे आहे," मी म्हणालो. "वाचन तुम्हीच करायचे."

"पाहू," ते म्हणाले.

"पाहू नका. या."

त्यांनी दुसरी चप्पल घातली. "कोनतं वाचन ठरवलं?"

"मुलीला विचारा," मी म्हणालो. "तिनेच निवडले आहे."